शरीराला नातं कसं कळतं?

१६२२ च्या सुरुवातीला शाहजादा खुसरो बऱ्हाणपुरात मरण पावला. जहांगीराचा हा थोरला मुलगा, वय अवघं चौतीस. बापाविरुद्ध बंड केल्याची शिक्षा म्हणून त्याची नजर आधीच अधू करण्यात आली होती, आणि दख्खनच्या मोहिमेवर निघताना धाकटा सावत्र भाऊ खुर्रम याने त्याला बापाकडून आपल्या ताब्यात मागून घेतलं होतं. बादशहाला कळवण्यात आलं की पोटशूळाने गेला. त्या काळी हिंदुस्थानात वावरणाऱ्या युरोपीय लोकांनी मात्र खून झाल्याचं लिहून ठेवलं, आणि पुढच्या बहुतेक इतिहासकारांनी तेच मानलं. मग नऊ वर्षांनी, १७ जून १६३१ रोजी, याच गावात मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात गेली. खुर्रम तोवर शाहजहान झालेला होता. दरबारी इतिहासकार सांगतात की आठवडाभर तो लोकांपुढे आला नाही, गाणंबजावणं आणि भारी कपडे त्याने सोडून दिले, आणि दाढी बघता बघता पिकली. बादशहाचं सगळंच मोठं करून सांगायची दरबारी लेखकांना सवय असते, हे धरूनही त्यातलं बरंचसं खरं असावं.

बऱ्हाणपूरला गेलात तर गाइड दुसरी गोष्ट हमखास सांगतो. तापीपलीकडे जैनाबादला, आहूखाना या जुन्या शाही बागेपाशी नेऊन मुमताजच्या पहिल्या दफनाची जागा दाखवतो. खुसरोची गोष्ट सहसा कुणी काढत नाही. (औरंगजेब आणि जैनाबादीचा किस्सा मात्र रंगवून सांगतात; तो मी या पुस्तकातून मुद्दाम वगळला आहे, कारण दोन जुन्या लेखकांनी तो दोन तऱ्हांनी सांगितलाय आणि त्यातून शिकण्यासारखं थोडंच आहे.) मला खुसरो आणि मुमताज या दोघांचे मृत्यू शेजारी शेजारी ठेवावेसे वाटतात. ज्याच्यावर भावाचा काटा काढल्याचा आरोप आहे, तोच माणूस बायकोच्या जाण्याने खचला. माणूस मुळात चांगला की वाईट, या नेहमीच्या प्रश्नाने इथे काहीच हाती लागत नाही. विचारायला हवं ते हे: आपलं कोण, हे शरीर कशावरून ठरवतं? आणि एकदा ठरवलं की ते कितपत टिकतं?

पुढच्या सगळ्या प्रकरणांत जे पुन्हा पुन्हा येणार आहे, ते इथेच सांगून टाकतो. ज्याला आपण रक्ताचं नातं म्हणतो ते शरीराला दिसत नाही. त्याला दिसतो सहवास: कोण जवळ होतं, कुठल्या वयात, किती काळ. आणि कुणी कुणाजवळ राहायचं हे ठरवते रीत. घर कसं बांधलंय, लेक लग्न होऊन कुठे जाते, गादी कुणाला मिळते, यावरून ते ठरतं. म्हणूनच नात्यांचं जीवशास्त्र समजून घ्यायला प्रयोगशाळेइतकंच एखादं जुनं, मिसळलेलं गाव उपयोगी पडतं.

या विद्येतला सर्वांत गाजलेला हिशेब १९६४ सालचा. विल्यम हॅमिल्टन या तरुण इंग्रज संशोधकाने मांडलं की मदत करणाऱ्याला जेवढा तोटा होतो, त्यापेक्षा समोरच्याचा फायदा गुणिले नात्याची जवळीक हे जास्त भरलं, तर तशी मदत करण्याची वृत्ती पिढ्यांमागून पिढ्या टिकून राहते. सख्ख्या भावाशी जवळीक सरासरी निम्मी, चुलत, आते किंवा मामे भावंडाशी एक अष्टमांश. जे. बी. एस. हाल्डेन यांच्या नावावर यावरून एक विनोद सांगतात: दोन भावांसाठी किंवा आठ चुलत-मामे भावंडांसाठी पाण्यात उडी घ्यायला आपली हरकत नाही. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, इथलं नागरिकत्व घेतलं आणि हॅमिल्टनचा तो निबंध आला त्याच वर्षी भुवनेश्वरला वारले.

हिशेब सुरेख आहे, पण तो करायचा कुणी? जनुकं कुणाच्या कपाळावर छापलेली नसतात. पाळण्यातलं बाळ आपलं सख्खं भावंड आहे हे चार वर्षांच्या मुलीला कसं कळणार? २००७ मध्ये डेब्रा लीबरमन, जॉन टूबी आणि लेडा कॉस्मिडीस यांनी याचं एक उत्तर पुढे आणलं. थोरल्या भावंडाने आपल्या आईला नवजात बाळाला अंगावर पाजताना, सांभाळताना पाहिलेलं असतं, आणि तेवढ्याने त्याची खात्री पटते. धाकट्याने ते पाहिलेलं नसतं. तो एका घरात एकत्र काढलेली वर्षं मोजतो. मोजतो म्हणजे अर्थात नकळत. या खुणा जितक्या पक्क्या, तितकी त्या भावंडासाठी झीज सोसायची तयारी जास्त आणि त्याच्याशी शरीरसंबंधाच्या कल्पनेची किळसही जास्त. सावत्र किंवा दत्तक भावंड असलं तरी खुणा तशाच काम करतात. शरीर फसतं, आणि फसतं ते किती चांगलं!

किळसेबद्दलचा हा विचार त्याहून पुष्कळ जुना. १८९१ मध्ये फिनलंडच्या एडवर्ड वेस्टरमार्कने लिहिलं होतं की लहानपणी एकत्र वाढलेल्यांना मोठेपणी एकमेकांची ओढ वाटत नाही. तेव्हा त्याला फारसं कुणी मनावर घेतलं नाही. पुढे इस्रायलच्या किबुत्झांमध्ये, जिथे मुलं पाळणाघरात एकत्र वाढत, जोसेफ शेफरने २,७६९ लग्नं तपासली, आणि पहिली सहा वर्षं अखंड एकत्र वाढलेल्यांचं एकही लग्न त्याला सापडलं नाही. तैवानमध्ये पोरवयातच सून म्हणून घरात आणलेल्या मुलींचा आर्थर वुल्फने अभ्यास केला. नवऱ्याबरोबर बहिणीसारख्या वाढलेल्या या मुलींना मुलं कमी झाली आणि त्यांचे काडीमोड जास्त झाले.

आता बऱ्हाणपुरात येऊ. सातपुड्याच्या कुशीतलं, तापीकाठचं हे गाव फारुकी सुलतानांनी वसवलं आणि सुफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचं नाव त्याला दिलं. मग ते मोगलांच्या खानदेश सुभ्याचं ठाणं झालं, पुढे शिंद्यांकडे, १८६० नंतर इंग्रजांकडे गेलं. आज ते मध्य प्रदेशात आहे, जिल्हा २००३ मध्ये झाला, आणि रावेरच्या बाजूने महाराष्ट्र हाकेच्या अंतरावर. बाजारात हिंदी, विणकरांच्या मोहल्ल्यात उर्दू, खेड्यांत निमाडी, आणि मराठी तर कित्येक घरांत. केळीचा भाव आणि मागाच्या सुताचा भाव सगळ्यांना सारखाच कळतो. लग्न कुणाशी करायचं याचे नियम मात्र एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाताना बदलतात.

हे नियम नीट समजायचे तर इरावती कर्व्यांना पर्याय नाही. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतातल्या नातेव्यवस्थेवरच्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी देशाचे नात्यांनुसार विभाग पाडले. उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न निषिद्ध. बाप, आई, दोन्ही आज्या अशी चार चार गोत्रं टाळायची. दक्षिणेत मामाची, आत्याची, काही ठिकाणी तर सख्ख्या बहिणीची मुलगीही चालते. महाराष्ट्र या दोन्हींच्या मधोमध. इथे अनेक जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची मात्र चालत नाही, कारण वेल ज्या घरातून गेला त्या घरात तो परत येता कामा नये. आत्याच्या घरी भाची सून होऊन जाते; उलट होत नाही. मराठ्यांत चालतं, देशस्थांत चालतं, कोकणस्थांत पूर्वी चालत नसे. चुलत बहीण तर या जातींत कुणाकडेच चालत नाही, ती बहीणच. निमाडीभाषक कुटुंबांपैकी अनेकांना मामाच्या मुलीशी लग्न म्हटलं की कसंसंच होतं. आणि मुसलमान विणकर कुटुंबांत चुलत, आते, मामे, मावस कुणीही निषिद्ध नाही; चाचाची मुलगी करून घेणं तिथे सोयीचंही मानतात, घर आणि माग एकत्र राहतो.

तीन घरं, तीन नियम, आणि शरीर एकच. मामेबहीण आणि चुलत बहीण यांच्याशी रक्ताची जवळीक अगदी सारखी, एक अष्टमांश. मग मराठी शरीराला एक बायको म्हणून चालते आणि दुसरी बहीणच का वाटते? माझा एक अंदाज आहे. चुलत बहीण एकाच वाड्यात, एकाच चुलीवर वाढते. मामेबहीण दुसऱ्या गावात. भेट व्हायची ती उन्हाळ्याच्या सुट्टीत, आजोळी. सहवासाची जी वर्षं शरीर मोजतं, ती मामेबहिणीच्या खात्यात जमाच होत नाहीत. अर्जुन शतशृंगावर आणि हस्तिनापुरात वाढला, सुभद्रा मथुरेकडे. मामेबहीण असूनही ती त्याला भेटली ती तरुणपणी, परकी म्हणून. रीत आणि शरीर इथे एकमेकांच्या सोयीने चालले आहेत.

या अंदाजाला बऱ्हाणपुरातच सुरुंग लागतो, हेही सांगायला हवं. चाचाची मुलगी शेजारच्या खोलीत वाढलेली असू शकते आणि तरी तिच्याशी लग्न होतं, संसार नांदतो. म्हणजे सहवासाची किळस ही काही भिंत नाही, उतार आहे. पुरेसा जोर लावला तर तो चढता येतो, आणि रीत तो जोर लावू शकते. शिवाय इस्लामी कायद्याने दुसऱ्या बाजूने एक कुंपण घातलेलं आहे: एकाच बाईचं दूध प्यायलेल्यांचं लग्न हराम. आईला कुणाला पाजताना पाहिलं यावर शरीर नातं ठरवतं, असं लीबरमनला जे कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांकडून समजलं, ते या नियमात शतकानुशतकं बसलेलं आहे. जवळच्या नात्यातल्या लग्नात मुलांना जन्मजात व्यंगाचा धोका वाढतो हे खरं आहे. ब्रॅडफर्डमध्ये झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात तो साधारण तीन टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर गेलेला दिसला. दुप्पट म्हटलं की भीती वाटते, शंभरातली चौऱ्याण्णव मुलं ठीक असतात म्हटलं की वाटत नाही. दोन्ही एकच आकडे आहेत.

दुधाचं नातं बऱ्हाणपूरच्या इतिहासात फार खोल गेलंय. गावाला वर्षानुवर्षं सांभाळणारा सुभेदार अब्दुर्रहीम खानखाना हा पोरका मुलगा. १५६१ मध्ये बाप बैरमखान गुजरातेत पाटणला मारला गेला तेव्हा रहीम चार वर्षांचा होता. अकबराने त्याला आपल्या घरात वाढवलं आणि त्याचं लग्न लावलं ते मिर्झा अझीझ कोका याच्या बहिणीशी. हा अझीझ अकबराचा दूधभाऊ, अकबराच्या दाईचा मुलगा. तो वारंवार उद्धटपणे वागायचा आणि अकबर प्रत्येक वेळी सोडून द्यायचा. आपल्या दोघांमध्ये दुधाची नदी आहे, ती ओलांडवत नाही, अशा अर्थाचं तो म्हणे. रक्ताचा संबंध शून्य. हॅमिल्टनच्या सूत्रात अझीझसाठी जागाच नाही, पण अकबराच्या शरीराला ते कुणी सांगितलं नव्हतं.

मग खुसरो आणि खुर्रम? दोघांचा बाप एक, आया वेगळ्या, वयात चारेक वर्षांचं अंतर. खुर्रमला जन्मल्याबरोबर आजोबांची बेगम रुकैया हिच्याकडे वाढायला दिलं गेलं आणि अकबर जिवंत असेपर्यंत तो तिथेच होता. एका आईचं दूध नाही, एक घर नाही. सहवासाचं सूत्र लावून मी समाधानाने पुढे जाऊ शकलो असतो. पण शाहजहानच्याच मुलांनी ते उधळून लावलं. दारा आणि औरंगजेब सख्खे भाऊ, एका मुमताजचे. शाहजहानने बंड फसल्यावर १६२६ मध्ये या दोघांनाच जहांगीराकडे ओलीस पाठवलं होतं; पोरपणाची ती परकी वर्षं त्यांनी एकत्र काढली. १६५९ मध्ये औरंगजेबाच्या हुकमाने दाराचा शिरच्छेद झाला. दोन वर्षांनी मुराद. शुजा आराकानला पळाला आणि तिकडेच संपला.

इथे शरीरापेक्षा नियमाकडे बघावं लागतं. मोगल घराण्यात थोरल्याला गादी असा दंडक नव्हता. तख्त नाहीतर तख्ता, सिंहासन नाहीतर तिरडी. हरलेला भाऊ जिवंत राहिला तर उद्या त्याच्या नावाने बंड होणार, हे सगळ्यांना ठाऊक. अशा खेळात माया असूनही माणूस मारतो, आणि मारून नंतर रडतोही.

हाच प्रश्न निसर्गाने दुसरीकडे किती निराळ्या तऱ्हेने सोडवलाय पाहा. आपल्या खिडकीच्या चौकटीला, ओट्याच्या छताला कागदी पोळं टांगणारी जी बारीक तपकिरी गांधीलमाशी असते, रोपालिडिया मार्जिनाटा, तिच्यावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी आयुष्य घालवलं. त्या पोळ्यातली राणी थंड असते, कुणाला दटावत नाही. ती काढून घेतली की काही मिनिटांत एक माशी विलक्षण आक्रमक होते. बाकीच्या तिला मानतात. आठवडाभरात ती अंडी घालू लागते आणि थंड होते. गंमत अशी की ही वारसदार कोण हे राणी असताना आपल्याला ओळखता येत नाही. वागणुकीत, आकारात काही वेगळं दिसत नाही. माश्यांना मात्र ठाऊक असावं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एकामागून एक वारसदार काढत गेले, पाचव्यापर्यंत, आणि प्रत्येक वेळी पुढची बिनतक्रार उभी राहिली. भांडण नाही, कत्तल नाही. आणि या माश्या एकमेकींच्या फार जवळच्या नात्यातल्याही नसतात; एका पोळ्यात अनेक बापांच्या लेकी असतात. जवळीक कमी, तरी शिस्त पक्की. आग्र्याच्या किल्ल्यात जवळीक पुरेपूर होती.

(या माश्यांचा दाखला देऊन कुणी घराणेशाहीचं समर्थन करू लागलं, तर पुस्तक तिथेच मिटावं.)

मुमताजकडे परत येतो, कारण नात्यांच्या पुस्तकांत बाळंतपण फार घाईने उरकतात. १६१२ मध्ये लग्न, १६३१ मध्ये मृत्यू. एकोणीस वर्षांत चौदा मुलं, त्यांतली सात जगली. आईचं आणि पोटातल्या बाळाचं हित एकच, असं आपण धरून चालतो. १९७४ मध्ये रॉबर्ट ट्रिव्हर्सने त्यावर प्रश्न उभा केला आणि १९९३ मध्ये डेव्हिड हेगने तो गर्भाशयापर्यंत नेला. बाळ आईच्या जनुकांचं निम्मंच भागीदार आहे. आईला पुढच्या लेकरांसाठी स्वतःला राखायचं असतं, या बाळाला आत्ता जास्तीत जास्त हवं असतं. वार आईच्या रक्तात संप्रेरकं सोडते, तिची साखर आणि रक्तदाब वर ढकलायला बघते; आईचं शरीर ते खाली खेचतं. एरवी ही रस्सीखेच बरोबरीत सुटते, म्हणून आपल्याला ती जाणवत नाही. चौदाव्या खेपेला, मोहिमेवरच्या मुक्कामात, ती सुटली नाही. आई आणि लेकरू हे जगातलं सर्वांत निर्मळ नातं आहे, यावर माझाही विश्वास आहे. त्या निर्मळपणाला किती ताण सोसावा लागतो एवढंच इथे दाखवायचंय.

सारा हर्डी या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तरुणपणी अबूच्या डोंगरावर हनुमान लंगुरांचा अभ्यास केला. टोळीचा ताबा घेणारा नवा नर आधीच्या नराची पिल्लं मारतो, हे त्यांनी तपशिलात मांडलं आणि माकडांबद्दलच्या आपल्या भाबड्या कल्पना मोडल्या. उतारवयात, २००९ च्या पुस्तकात, त्या उलट टोकाला आल्या: माणसाचं पोर इतकं महागडं की एकट्या आईला ते झेपणारच नाही, आज्या, मावश्या, थोरल्या बहिणी यांच्या हातांवर वाढल्यामुळेच आपण दुसऱ्याचं मन ओळखायला शिकलो. पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत, किंवा अखजीला खानदेशात सगळ्या लेकी माहेरी येतात ती, हर्डींना नवी वाटली नसती. मुमताज गेली तेव्हा सतरा वर्षांच्या जहाँआराने घर आणि बाप दोन्ही हाती घेतले. पुढे औरंगजेबाने शाहजहानला आग्र्याच्या किल्ल्यात ठेवलं तेव्हा ती स्वतःहून त्याच्याबरोबर कैदेत राहिली. धाकटी रोशनआरा औरंगजेबाच्या बाजूला. एका आईच्या दोन लेकी.

आणि नवऱ्याचं दुःख? जोडीदाराच्या ओढीवरचं बरंचसं ज्ञान अमेरिकेतल्या गवताळ प्रदेशात राहणाऱ्या, उंदरासारख्या दिसणाऱ्या प्रेअरी व्होल या प्राण्याकडून आलंय. नर-मादी एकदा जोडी जमली की सहसा सोडत नाहीत. त्यांचाच चुलत भाऊ असलेला कुरणातला व्होल मात्र फटिंग. या फरकामागे ऑक्सिटोसिन आणि व्हेसोप्रेसिन ही संप्रेरकं असल्याचं दिसलं. २००४ मध्ये तर कुरणातल्या नराच्या मेंदूत व्हेसोप्रेसिन पकडणाऱ्या ग्राहकाचं जनुक वाढवलं आणि तो जोडीदाराला चिकटून बसू लागला. वर्तमानपत्रांना प्रेमाचं संप्रेरक मिळालं. आपल्याकडे ऑक्सिटोसिन हे नाव त्याआधी म्हशींच्या गोठ्यातून ओळखीचं होतं, पान्हा सोडवायला टोचतात म्हणून बदनामही. मग २०२३ मध्ये ऑक्सिटोसिनचा ग्राहकच काढून टाकलेले व्होल तयार केले गेले, आणि तेही खुशाल जोड्या जमवून पिल्लं वाढवत बसले. संप्रेरक निरर्थक ठरलं असं नाही. जोडीसारखी महत्त्वाची गोष्ट निसर्ग एकाच खुंटीला टांगत नाही, एवढं कळलं. एका रेणूवर प्रेम टांगणारा लेख दिसला तर यापुढे सावध राहा. या पुस्तकात दिसला तरीही.

विरहाने शरीर खरंच खचतं याचे पुरावे मात्र पक्के आहेत. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्रिटनमधल्या ४,४८६ विधुरांचा माग काढला होता, सगळे पंचावन्नच्या पुढचे. बायको गेल्यावर पहिल्या सहा महिन्यांत त्यांचं मरण्याचं प्रमाण अपेक्षेपेक्षा चाळीस टक्क्यांनी जास्त निघालं, आणि त्यातले बरेच हृदयविकाराने गेले. २०१० मध्ये ज्युलिअॅन होल्ट-लुन्स्टॅड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास, तीन लाखांवर माणसं एकत्र मोजली: ज्यांना माणसांचा आधार भक्कम, त्यांची तगून राहण्याची शक्यता इतरांच्या दीडपट. शाहजहान मात्र मुमताजनंतर जवळजवळ पस्तीस वर्षं जगला. सरासरी ही एकट्या माणसाला लागू पडत नाही, बादशहाला तर नाहीच.

सहकार्याबद्दल थोडक्यात. बऱ्हाणपूरचं नाव निघालं की लोक कुंडी भंडाऱ्याचा दाखला देतात: सातपुड्याच्या पायथ्याचं झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, कुंड्यांच्या रांगेतून गावात आणणारी, रहीमच्या काळात १६१५ च्या सुमारास बांधलेली योजना. काम थोर आहे. २०२४ पासून ते युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहे. पण ते सरकारी काम, वरून आलेलं. लोकांनी मिळून पाणी वाटणं पाहायचं तर खानदेशात खाली पांझरेकाठी जावं. तिथल्या फड पद्धतीत बंधाऱ्याचं पाणी फडाफडाने वाटलं जातं, कुठल्या फडात काय पिकवायचं हे शेतकरी मिळून ठरवतात, पाटकरी पाणी सोडतो, जागल्या राखण करतो. जागल्या महत्त्वाचा. २००२ मध्ये एर्न्स्ट फेर आणि सिमॉन गॅख्टर यांनी पैशांच्या खेळात दाखवलं की फुकट्याला शिक्षा करायची सोय असली की सहकार्य टिकतं, नसली की ढासळतं, आणि स्वतःच्या खिशाला चाट लावूनही लोक शिक्षा करतात. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं नोबेल मिळालं ते अशाच पाण्याच्या, कुरणांच्या, मासेमारीच्या गावठी नियमांच्या अभ्यासासाठी.

गटागटांतल्या वैराला स्वतंत्र प्रकरण दिलं आहे. हेन्री ताजफेलने ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांना चित्रांच्या आवडीसारख्या क्षुल्लक निमित्ताने दोन गटांत वाटलं, आणि मुलं लगेच आपल्या गटाला झुकतं माप देऊ लागली. ज्याचं घरच नाझींनी संपवलं त्या माणसाने हा प्रयोग करावा, यात मला काही आश्चर्य वाटत नाही.

माणसाचं मोजमाप करणाऱ्या शास्त्राचा भूतकाळ विसरून हे पुस्तक वाचू नये. इरावतीबाई १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होत्या. फिशर पुढे नाझींच्या वंशशास्त्राचा आधारस्तंभ झाले. वंशावरून कवटीचा आकार एका बाजूला कमी-जास्त असतो, ही गुरूंना प्रिय कल्पना होती. कवट्या मोजून इरावतीबाईंनी वंशाशी त्याचा संबंध नाही असं लिहिलं. परदेशी, गुरूच्या खोलीत, गुरूच्या विरोधात. मोजमाप वाईट नाही. मोजण्याआधीच उत्तर ठरवणं वाईट.

या पुस्तकातले बहुतेक अभ्यास अमेरिका-युरोपातल्या विद्यार्थ्यांवर झालेले आहेत. ही त्यांची मर्यादा जोसेफ हेनरिक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ठणकावून सांगितली. त्यावर उपाय म्हणून मराठी वाचकांपैकी कुणा तरुण संशोधकाने बऱ्हाणपुरात काम उभारावं असं मला वाटतं. मामाची मुलगी चालणारी घरं, चाचाची मुलगी चालणारी घरं आणि चार गोत्रं टाळणारी घरं एकाच बाजारपेठेत मिळतात. प्रश्न साधेच ठेवावेत: लहानपणी कुणाबरोबर एका खोलीत झोपलात, किती वर्षं, आईने आणखी कुणाला दूध पाजलेलं पाहिलंत का, उन्हाळा कुठे काढलात, आणि ज्या भावंडाशी तुमच्याकडे लग्न चालतं त्याच्यासाठी, आणि ज्याच्याशी चालत नाही त्याच्यासाठी, किती पैसे उसने द्याल. बायकांना वेगळं विचारावं, सासूबाई समोर नसताना. लग्न ठरलं तेव्हा मनात काय आलं हा प्रश्न शेवटी ठेवावा, चहा झाल्यावर.